गटारी झाल्या, तरी पाणी अंगणातच

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमचं शहर खान्देशातलंच, नाव लिहीत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ले-आऊट पडला, तेव्हा कॉलनीत पाणी साचत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी काँक्रीटचा रस्ता झाला, दोन्ही बाजूंनी गटारी झाल्या, आणि तेव्हापासून जोराचा पाऊस झाला की अंगणात घोट्याएवढं पाणी. पुढारी म्हणतात, मोठा नाला करायला निधी नाही. शहराच्या पावसाळी पाण्याचं नियोजन नेमकं कोण करतं, पैसा कुठून येतो, आणि आम्ही कुणाकडे काय मागायचं?"

भाऊ, मी खान्देशातल्या पालिकांच्या बांधकाम विभागात एकतीस वर्षं काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, आता निवृत्त आहे. उत्तर लांबेल, कारण तुम्ही तीन प्रश्न विचारलेत आणि त्यांच्या आधीचा एक राहून गेलाय: तुमच्या अंगणातलं पाणी शेवटी जाणार कुठं? याचं उत्तर पालिकेकडे कागदावर नसेल, तर निधी आला तरी तो चुकीच्या जागी जिरेल.

"निधी नाही" हे उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. पाणी उतारानं चालतं. पैसा लेखाशीर्षानं, म्हणजे अंदाजपत्रकातल्या ठरलेल्या खात्यानं चालतो. पाण्याला प्रभाग नसतो, निधीला मात्र प्रभाग असतो, योजना असते, आर्थिक वर्ष असतं. या दोघांची गाठ घालून देणारा एक नकाशा लागतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक शहरांत तो एकतर नसतो किंवा कपाटात असतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका छोट्या गावात (नाव नको) आमदार निधीतून तीनशे मीटर गटार मंजूर झाली. सुरुवात कुठून, तर पुढाऱ्याच्या घरापासून, म्हणजे चढाकडून. मी नवा, मान डोलावली. निधी संपला तिथं गटार संपली, आणि ती संपली एका म्हातारीच्या ओट्यासमोर. आधी गल्लीचं पाणी पसरत होतं, थोडं इथं थोडं तिथं मुरत होतं. आम्ही ते सगळं सिमेंटच्या गटारीत गोळा केलं आणि तिच्या घरात सोडलं. दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात आली आणि एवढंच म्हणाली, "साहेब, घरमा पानी उनं." (घरात पाणी आलं.) ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पुढचा नव्वद मीटरचा तुकडा नाल्याला जोडायला दोन पावसाळे गेले, कारण तो दुसऱ्या प्रभागात होता आणि त्याचा पैसा दुसऱ्या योजनेतून यायचा होता.

तेव्हापासून मी एक नियम पाळला: गटार खालून वर बांधायची. आधी जिथं पाणी सोडायचं ती जागा, म्हणजे आऊटफॉल, गाठायची आणि तिथल्या नाल्याचा तळ मोजायचा. मग तिथून मागे मागे यायचं. निधी अर्ध्यात संपला तरी बांधलेला भाग कामाचा राहतो. गंमत अशी की नारळ फुटतो तो नेहमी गटारीच्या वरच्या टोकाला. आऊटफॉलपाशी काटेरी बाभळी आणि डुकरं. तिथं फोटो काढायला कोण जाणार?

आता तुमच्या कॉलनीबद्दल. जागा न बघता छातीठोक सांगता येणार नाही, पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून दोन संशय आहेत. पहिला, रस्ता उंच झाला. खाली मुरूम-खडीचा थर, त्यावर कच्चं काँक्रीट, वर पंधरा-वीस सेंटिमीटरचा मुख्य थर. जुना रस्ता खणून न काढता हे सगळं चढवलं तर फूटभर उंची सहज वाढते, आणि आधी रस्त्यावर उतरणारं अंगणातलं पाणी आता अंगणातच अडतं. दुसरा संशय, तुमच्या गटारी कुठल्याच नाल्याला जोडलेल्या नाहीत, किंवा जोडल्या असल्या तरी नाल्याचा तळ तुमच्या गटारीच्या तळापेक्षा वर आहे.

तिसरी शक्यता ले-आऊटच्या आधीची. तुमची कॉलनी झाली ते शेत होतं, आणि शेतातून एखादा ओहोळ जात असेल. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढा. सात-बारावर पोटखराबा 'ब' अशी नोंद असेल तर तिकडे लक्ष द्या. नाले, रस्ते अशा सार्वजनिक वापराची जमीन त्या वर्गात दाखवतात. प्लॉट पाडताना हे ओहोळ कागदावरून पुसले जातात. पाण्याच्या आठवणीतून जात नाहीत.

आणखी दोन गोष्टींवर उत्तर अवलंबून आहे. तुमच्या ले-आऊटमधले रस्ते आणि खुली जागा पालिकेच्या ताब्यात आलीय का? ती बिल्डरच्याच नावावर असेल किंवा वस्ती गुंठेवारीतली असेल, तर खर्च टाकायला लेखापरीक्षणाची अडचण येते. ते आधी मिटवावं लागतं. आणि तुमचं पाणी पावसाचंच आहे ना, की नदीची फूग मागे येते? हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले, गिरणेला पाणी सोडलं, पांझरेला पूर आला, या बातम्या वेगळ्या. 1872 साली धुळ्यात पांझरेनं घरादारांची मोठी हानी केली होती, तो नदीचा पूर. त्याचा हिशोब जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल रेषेनं होतो: निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटींवर. तुमचं दुखणं मला तरी तसं वाटत नाही. हे रस्त्यावरचं, छपरावरचं पाणी आहे.

"आपल्याकडे पाऊसच किती, त्याला एवढा खर्च कशाला" हे वाक्य मी सभागृहात अनेकदा ऐकलंय. वर्षाची बेरीज कमी आहे हे खरं, जळगावकडे सातशे मिलिमीटरच्या आसपास, धुळ्याकडे त्याहून कमी. पण गटार वर्षाच्या बेरजेवर बांधत नाहीत, तासाच्या पावसावर बांधतात, आणि आपला पाऊस मोजक्या दिवसांत ओतून मोकळा होतो. त्यात काळी माती. मृगात जमिनीला भेगा असतात, त्या पहिलं पाणी पिऊन टाकतात आणि सगळे निर्धास्त होतात. मग माती फुगते, भेगा मिटतात, पाणी मुरणं जवळजवळ थांबतं. हत्तीचा पाऊस येतो तेव्हा तेच शेत ताडपत्रीसारखं वागतं. म्हणून जूनमध्ये बघून गेलेला अधिकारी "इथं काही होत नाही" म्हणतो आणि सप्टेंबरात तुमचा फोन येतो.

थोडं गणित करू, कारण पुढची सगळी चर्चा त्यावर आहे. समजा तुमच्या कॉलनीकडे उतरणारं क्षेत्र 50 हेक्टर आहे, सव्वाशे एकरांच्या आसपास. पाऊस तासाला 60 मिलिमीटरच्या वेगानं पडतोय. सगळं शेत होतं तेव्हा शंभरातलं तीस पाणी वाहून जायचं असं धरलं, तर सेकंदाला अडीच घनमीटर, म्हणजे अडीच हजार लिटर प्रवाह येतो. त्याच जागेवर घरं, फरशा, काँक्रीट आलं की शंभरातलं सत्तर वाहतं: सेकंदाला 5.8 घनमीटर. ढगातून तेवढंच पडलं, जमिनीवरून दुपटीहून जास्त आलं. शिवाय शेतातलं पाणी रमतगमत यायचं. काँक्रीटवरून ते पाव तासात येतं. खऱ्या हिशोबात त्यामुळे पावसाचा वेगही जास्त धरावा लागतो.

आता तुमची घरासमोरची गटार. समजा ती दीड फूट रुंद, दीड फूट खोल, पाचशे मीटरला एक मीटर उतार. काठोकाठ वाहिली तर सेकंदाला 170 लिटरच्या आसपास नेते. म्हणजे 5.8 घनमीटरला अशा चौतीस गटारी लागतील. त्याऐवजी अडीच मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल असा एकच पक्का नाला त्याच उतारानं ते काम करतो. आणि तीच गटार गाळानं निम्मी भरली तर क्षमता निम्मी राहत नाही, 70 लिटरवर येते. दुसऱ्या बाजूची गटार तशीच भरली की दोन्ही मिळून एका स्वच्छ गटारीएवढंही पाणी नेत नाहीत. हे आकडे मी वाढवून सांगत नाही. कुठल्याही डिप्लोमावाल्या पोराला करायला द्या.

किती मोठ्या पावसासाठी बांधायचं हा मात्र निव्वळ तांत्रिक प्रश्न नाही. जुन्या शहरांतल्या गटारी तासाला 12 ते 20 मिलिमीटर पाऊस धरून केलेल्या आहेत, असं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं 2010 च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवलंय. केंद्रानं 2019 मध्ये पावसाळी गटारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तिच्यात शहराच्या आकारानुसार आणि मध्यवस्ती की बाहेरचा भाग यानुसार पावसाची वारंवारिता ठरवून दिलीय. दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी बांधलेली गटार सरासरी दोन वर्षांतून एकदा ओसंडणार, हे त्यात गृहीतच आहे. ती ओसंडली की "भ्रष्टाचार झाला" असा लगेच निष्कर्ष काढू नका. ओसंडलेलं पाणी घरात न शिरता रस्त्यावरून, मैदानावरून निघून जातं का, हे बघा. चांगल्या आराखड्यात तो मार्गही दाखवलेला असतो.

हा आराखडा कोण करतं? कायद्यानं गटारी बांधणं आणि साफ ठेवणं ही पालिकेची बंधनकारक कामं आहेत, महापालिका अधिनियम 1949 मध्येही आणि नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमातही. प्रत्यक्षात मोठा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, सल्लागार कंपनी करते, तांत्रिक मान्यता वरच्या कार्यालयातून येते, आणि पालिकेचा अभियंता या दोघांमध्ये कागद फिरवतो. सल्लागाराच्या कामात सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे पातळ्या, जागोजागी मोजलेली जमिनीची उंची. उपग्रहाच्या नकाशावरून उंची उचलून केलेले आराखडे मी पाहिलेत. त्यात मीटर-दोन मीटरची चूक सहज असते, आणि आपल्या गटारीला शंभर मीटरला जेमतेम वीस सेंटिमीटर उतार द्यायचा असतो. असा आराखडा पाणी चढावर चालवतो.

आता पैसा. इथं जरा थांबतो, कारण लोकांचा मोठा गैरसमज आहे की घरपट्टीतून हे होतं. घरपट्टीच्या बिलावर सामान्य कर, पाणीपट्टी, मलप्रवाह कर, वृक्ष उपकर अशा ओळी असतात. पावसाच्या पाण्याची वेगळी ओळ आपल्याकडे नसते. मलप्रवाह म्हणजे सांडपाणी, ते वेगळं. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आता पालिकेला शासनाकडून भरपाईचं अनुदान येतं. ते आणि घरपट्टी मिळून पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल, कचरा आणि जुनी कर्जं भागवतात. उरलेल्यातून प्रभागातली छोटी कामं होतात: स्लॅब टाक, मोरी बदल, पन्नास मीटर गटार कर. नवीन बांधकामाच्या परवानगीवेळी विकास शुल्क मिळतं. न्यायानं पाहिलं तर नव्या वस्तीचा नाला त्यातूनच व्हायला हवा, पण ते एकाच तिजोरीत पडतं आणि कुणाचं होतं ते कळत नाही.

मोठा नाला म्हणजे अनुदान. राज्याचं नगरोत्थान अभियान आहे. त्यात शासनाचा हिस्सा पालिकेच्या वर्गानुसार ठरतो. केंद्राच्या अमृत योजनेच्या 2015 च्या पहिल्या टप्प्यात पावसाळी गटारी हा स्वतंत्र घटक होता. 2021 च्या दुसऱ्या टप्प्यात भर पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि तलावांच्या पुनरुज्जीवनावर आला. म्हणजे तुमचा नाला ज्या तलावात उतरतो त्या तलावाला पैसा मिळू शकतो, नाल्याला सहजी नाही. त्यातही एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांना केंद्र एक तृतीयांशच देतं. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 26 या पाच वर्षांसाठी दहा लाखांखालच्या शहरांना दिलेल्या निधीत 40 टक्के मोकळा आणि 60 टक्के बांधील होता. बांधील भागातला निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. हुशार मुख्याधिकारी इथं वाट काढायचे: गटार म्हणून प्रस्ताव न करता खुल्या जागेत पाणी साठवणं-मुरवणं म्हणून करायचे, आणि त्यानं खालच्या नाल्यावरचा भार खरोखरच कमी व्हायचा. यात लबाडी काही नाही. तीच मूळ उपाययोजना आहे.

उरतो जिल्हा नियोजन समितीचा, आमदार-खासदारांचा निधी. तो लवकर मिळतो, पण तुकड्यांत. तुमच्या कॉलनीतल्या गटारी बहुधा अशाच एखाद्या तुकड्यातून झाल्या असाव्यात.

अनुदानाची दोन गुपितं सांगतो. एक, ते ज्याचा डीपीआर तयार आहे त्याला मिळतं. मंत्रालयातून पत्र येतं, "प्रस्ताव आठ दिवसांत सादर करा". ज्याच्याकडे पातळ्यांसह आराखडा तयार आहे तो टप्पा एक उचलून पाठवतो. ज्याच्याकडे नाही तो शेजारच्या शहराचा डीपीआर मागवतो, आणि मी एका प्रस्तावात दुसऱ्या शहराच्या नदीचं नाव तसंच राहिलेलं पाहिलंय. दोन, पालिकेला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो. तो भरता न आल्यानं मंजूर कामं रखडतात. कर्ज काढता येतं, पण कर्जाच्या हप्त्यांनी पालिकेची काय गत होते ते खान्देशातल्या वाचकांना मी सांगायला नको.

मात्र एका गोष्टीला सहसा कुणी अनुदान देत नाही: गाळ काढायला. राष्ट्रीय आपत्ती प्राधिकरण म्हणतं, मोठ्या गटारींची सफाई 31 मार्चपर्यंत व्हावी. आपल्याकडे मार्चमध्ये सगळे बिलं काढण्यात गुंतलेले, निविदा मेमध्ये निघते, आणि काढलेला गाळ काठावर ठेवतात तो पहिल्या पावसात परत आत. जर्मनीतल्या बऱ्याच शहरांत यासाठी वेगळं शुल्क असतं: ज्याच्या प्लॉटवर जितकी जागा फरशी-काँक्रीटनं झाकलेली, त्याला तितकं, पाणी मुरवलं तर सूट. कल्पना पटण्यासारखी आहे, पण जिथं आहे ती घरपट्टी वसूल होताना दमछाक होते, तिथं नवीन कर सुचवणाऱ्याला कुणी चहाही विचारणार नाही.

परदेशाचं कशाला, आपल्या पांझरेवरची फड पद्धत घ्या, म्हणजे नदीवर बंधारा घालून पाटानं शेतांचे गट (फड) मिळून भिजवायची जुनी पद्धत. शेकडो वर्षं चाललेले ते बंधारे. पाट काढताना फडाच्या शेवटी सांडम ठेवलेला असे, जादा पाणी परत नदी-नाल्यात जायला. म्हणजे जास्तीच्या पाण्याची सोय आधी. आणि पाटातला गाळ काढण्याचं काम लाभधारक शेतकऱ्यांचंच, दर वर्षी ठरलेलं. आपण गटार बांधतो तेव्हा या दोन्ही गोष्टी विसरतो: सांडम नाही, आणि गाळ काढणारा ठरलेला नाही.

कुणीतरी शिरपूर पॅटर्नचं नाव काढेलच, म्हणून सांगून ठेवतो. शिरपूर तालुक्यात नाले रुंद-खोल करून, सिमेंट बंधारे घालून भूजल वाढवलं ते काम मोठं आहे. पण शहरातल्या नाल्यात बारमाही सांडपाणी वाहतं. तिथं बंधारा घातला तर मैला मुरेल आणि डास वाढतील. शहरात मुरवायचं ते छपरावरचं पाणी. राज्याच्या 2020 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटना ते सक्तीचं आहे. पण काळ्या मातीत नुसता शोषखड्डा खणला तर तो हौदासारखा भरून बसतो. खाली मुरूम लागेपर्यंत जायचं, किंवा गाळणी लावून जुन्या बोअरमध्ये सोडायचं.

तर तुम्ही मागायचं काय? "आम्हाला गटार द्या" असा अर्ज करू नका, ती तुम्हाला मिळालेलीच आहे. माहिती अधिकारात तीनच कागद मागा: रस्त्याच्या आणि गटारीच्या कामाचा एल-सेक्शन (लांबीतला उभा छेद) पातळ्यांसह, गटार जिथं सोडलीय त्या जागेचा नकाशा, आणि शहराचा पावसाळी पाण्याचा आराखडा असल्यास त्याची प्रत. ढीगभर मागितलं की ढीगभर उत्तर येतं, त्यात हे तीन हरवतात. सोबत तुमच्या बाजूनं नोंद ठेवा: कंपाउंडच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा, पाणी किती वाजता चढलं, किती वाजता उतरलं, फोटो तारखेसह. दोन तासांत उतरत असेल तर गटारीची क्षमता कमी पडतेय. दोन दिवस राहत असेल तर निचऱ्याला वाटच नाही. या एका नोंदीनं अभियंत्याचं निम्मं काम होतं.

अर्ज जुलैत नको. जुलैत पंप येतो, जेसीबी येतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. पालिकेचं अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत आकार घेतं. तुमचा अर्ज नोव्हेंबरात शहर अभियंत्याच्या टेबलावर हवा, आणि तुमच्या एकट्याचा नको. त्याच उतारावरच्या वरच्या आणि खालच्या कॉलन्यांच्या सह्या घ्या. खालच्या कॉलनीचं भांडण तुमच्याशीच होणार आहे, कारण तुमचं पाणी तिच्या दारात जाईल. ते आधीच मिटवलेलं बरं. मागणी दोन ओळींची असू द्या: आमच्या पाणलोटाचं पातळ्यांसह सर्वेक्षण या वर्षी, आणि आऊटफॉलपासूनचा पहिला टप्पा पुढच्या अंदाजपत्रकात. सर्वेक्षणाला फार पैसा लागत नाही, त्यामुळे "निधी नाही" म्हणायला अवघड जातं.

पालिका हललीच नाही, तर गावातल्या एखाद्या खासगी सर्व्हेअरला ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं यंत्र) घेऊन एक दिवस बोलवा. कॉलनीनं वर्गणी काढली तर घरटी खर्च किरकोळ येईल. त्याला सांगा, कॉलनीतली गटार नंतर मोज. आधी नाल्यापाशी जा आणि गाळ बाजूला करून खरा तळ मोज. बहुतेक जण गाळाच्या वरच स्टाफ, म्हणजे मोजायची उभी पट्टी, टेकवतात.